मदत हवी आहे : कॅप्टन अमेरिकाचा खरा 'अंक १' कोणता?

ओसरी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. प्रश्न कॉमिक्सचा आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या.

मुलगा बारा वर्षांचा. जुलै २०२५ मध्ये कॅप्टन अमेरिकाची मालिका परत एकदा नव्याने सुरू झाली (लेखक चिप झ्डार्स्की, चित्रकार व्हॅलेरिओ स्किटी). तिचा पहिला अंक त्याला वर्गमित्राने वाचायला दिला आणि तेव्हापासून स्वारीला दुसरा विषय नाही. "बाबा, याच्या आधीचं सगळं आणा." मला यातलं ओ की ठो कळत नाही. शनिवारी एका दुकानात गेलो, जुन्या अंकांच्या खोक्यासमोर फतकल मारली आणि ज्याच्यावर १ आकडा दिसला असे चार अंक उचलले. म्हटलं, पहिल्यापासून वाचू दे. गल्ल्यावरच्या पोराने पैसे घेतले, पिशवी दिली, पण हे चार अंक चार वेगळ्या मालिकांचे आहेत हे सांगायला तोंड काही उघडलं नाही.

घरी आल्यावर उलगडा झाला. एकात हा गृहस्थ जपानमध्ये. दुसऱ्यात भुयारी रेल्वेत चढतो आणि भलत्याच दुनियेत उतरतो. तिसऱ्यात अख्खी अमेरिका त्याच्याकडे संशयाने बघतेय. आणि चौथ्यात तो आपल्याच माणसाला विमानातून ढकलून देतो आणि शेवटच्या पानावर 'हेल हायड्रा' म्हणतो! रात्री जेवताना मुलाने विचारलं, "बाबा, म्हणजे हा नाझी होता?" माझे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांचा घास हातातच राहिला. "कोण नाझी? हा झेंड्याचा सदरा घातलेला?"

जाणकारांनी प्रकाश टाकावा. पहिला अंक इतक्या वेळा का निघतो, बारा वर्षांच्या मुलाने नेमकं कुठून वाचावं, आणि नवी मालिका तुम्हाला कशी वाटली? शिवाय हा सगळा निव्वळ झेंडा-फडकाव प्रकार असेल तर तसंही स्पष्ट सांगा. आम्ही इथे राहतो खरे, पण पोराच्या डोक्यात काय जातंय ते मला माहीत असलेलं बरं.

---

रद्दीतलं सोनं (पुणे)

ओसरी, तुमची काही चूक नाही, या खड्ड्यात सगळेच पडतात.

खरा अंक १ हवा असेल तर तो १९४१ चा. मुखपृष्ठावर तारीख मार्च १९४१, पण विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्येच. त्यावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. तो आता लिलावातच दिसतो, त्यासाठी घर गहाण टाकावं लागेल. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला 'अॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात बर्फातून बाहेर काढला (युद्धाच्या शेवटापासून तो गोठून पडला होता). मग तो आयर्नमॅनबरोबर एकाच मासिकात अर्धी जागा वाटून राहिला. १९६८ मध्ये त्या मासिकाला त्याचं नाव मिळालं, पण आकडा चालू राहिला, म्हणून त्याचा पहिला स्वतंत्र अंक क्रमांक १०० आहे! तो आकडा ४५४ पर्यंत गेला. १९९६ मध्ये पाटी पुसली आणि परत १. मग १९९८, २००२, २००५, २०११, २०१२, २०१८, २०२३, २०२५. यात सॅम विल्सनवाल्या (त्याचा मित्र, काही काळ तोच कॅप्टन होता) आणि इतर जोडमालिका मी धरल्याच नाहीत.

कारण सरळ व्यापारी आहे. अमेरिकेत दुकानदार अंक महिने-दोन महिने आधी मागवतो आणि उरलेला माल बहुतेक वेळा परत जात नाही. १ आकडा दिसला की नवा वाचकही घेतो आणि संग्राहकही, म्हणून मागणी भरघोस येते. पुढच्या अंकापासून ती घसरायला लागते. फार घसरली की नवा लेखक आणायचा आणि परत १. मुलाने विचारलं तर सांगा, अंक १ म्हणजे 'लेखक बदलला'.

एक युक्ती. तुमच्याकडचा जो 'संशयाने बघतेय' अंक आहे (टा-नेहिसी कोट्सचा, ४ जुलै २०१८ ला आलेला), त्याच्या मुखपृष्ठावर १ च्या आसपास बारीक अक्षरात ७०५ शोधा. तो जुना सलग क्रमांक. पोराला खोक्यात ते बारीक आकडे शोधायला बसवा, तास सहज जाईल.

---

घाटमाथा

मला तर या सगळ्याचं नवल वाटतं. परक्या देशाचा झेंडा अंगाला गुंडाळलेला माणूस, आणि त्याच्यासाठी मराठी मुलगा वेडा. शिवचरित्र द्या वाचायला. बाकी चालू द्या.

---

तिसरी घंटा (डोंबिवली)

शिवचरित्र द्यायचंच, पण इथे प्रश्न वेगळा आहे. :)

आधी नाझी प्रकरण मिटवते, कारण मूल तेवढ्यावर अडलंय. तो अंक २०१६ चा, लेखक निक स्पेन्सर. 'हायड्रा' ही या गोष्टींतली नाझी वळणाची खलनायकी संघटना. त्या शेवटच्या पानावर वाचक भयंकर चिडले होते आणि मला त्यांचा राग पटतो. जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघे ज्यू तरुण. अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती तेव्हा त्यांनी हिटलरला ठोसा मारणारा माणूस काढला. त्याच्याच तोंडी ते वाक्य द्यायचं म्हणजे काय! कारण मात्र पुढच्याच अंकात दिलंय. वास्तव बदलू शकणारा एक जादुई घन आहे, त्याला लहान मुलीचं रूप आलेलं. रेड स्कल या कॅप्टनच्या जुन्या नाझी शत्रूने त्या मुलीचे कान भरले आणि तिने स्टीव्हचा, म्हणजे कॅप्टनचा, भूतकाळच बदलून टाकला. म्हणजे तो स्टीव्ह घडवलेला होता. २०१७ मध्ये तो देश ताब्यात घेतो आणि शेवटी खरा स्टीव्ह परत येऊन त्याला लोळवतो. मुलाला सांगा, "नाही रे, तो तोतया होता." आजोबांना तर लगेच कळेल, पानिपतानंतर पुण्यात भाऊसाहेबांचा तोतया आला होता की.

त्यामुळे तुमचा तिसरा अंक चौथ्याच्या नंतरचा. त्या तोतयाने एवढा धुडगूस घातल्यावर लोक खऱ्याकडेही संशयाने बघणारच.

आता घाटमाथा यांच्यासाठी. १९५४ मध्ये हा खरंच निव्वळ झेंडा-फडकाव प्रकार झाला होता. कम्युनिस्टांना झोडपणारा कॅप्टन काढला आणि तीन अंकांत गाशा गुंडाळला. पुढे १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने लिहिलं की तो पन्नासच्या दशकातला कॅप्टन वेगळाच, माथं भडकलेला माणूस होता आणि खऱ्याला त्याच्याशी लढावं लागलं. त्याच लेखकाने १९७४ मध्ये, वॉटरगेट पेटलेलं असताना, खलनायकांच्या म्होरक्याचा पाठलाग व्हाइट हाउसच्या आत नेऊन संपवला. चेहरा दाखवला नाही, पण तो राष्ट्राध्यक्ष निक्सन हे वाचणाऱ्याला कळलं. स्टीव्ह एवढा खचतो की झेंड्याचा पोशाखच उतरवून ठेवतो आणि 'नोमॅड' नावाने नवा पोशाख शिवतो. ऐटीत झगा लावतो आणि पहिल्याच मारामारीत त्याच झग्यात पाय अडकून तोंडावर आपटतो. मला हा माणूस तिथे आवडला.

---

अर्धा चहा (बंगळुरू)

वरच्या प्रतिसादाला +१. आता मूळ प्रश्न, कुठून वाचावं.

सगळे तुम्हाला एड ब्रुबेकर आणि स्टीव्ह एप्टिंगची २००५ ची मालिका सांगतील. बरोबरच आहे, माझ्या मते त्या तोडीचं नंतर काही झालं नाही. बकी (महायुद्धातला कॅप्टनचा तरुण साथीदार) मेलेला असणं हा कॉमिक्समधला चाळीस वर्षांचा अलिखित नियम होता, तो मोडला आणि तरी वाचकांनी टाळ्या वाजवल्या. पण बारा वर्षांच्या मुलाला आत्ता देऊ नका. रक्तपात आहे, हेरगिरीचे डाव आहेत, आणि २५ व्या अंकात (२००७) कॅप्टन न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळी लागून मरतो. दोन-तीन वर्षं थांबा.

त्याच्यासाठी मार्क वेड आणि ख्रिस सॅमनी यांचे २०१७-१८ चे अंक, क्रमांक ६९५ ते ७००. तोतयाच्या भानगडीनंतर लगेचचे आहेत, त्यामुळे मुलाच्या प्रश्नाला उत्तरही मिळतं. कॅप्टन मोटारसायकलवर देश फिरायला निघतो आणि नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात पोचतो. पूर्वी त्याने ते गाव वाचवलेलं असतं, म्हणून तिथे दरवर्षी त्याच्या नावाने जत्रा भरते. सॅमनीची चित्रं अशी की संवादाचे फुगे झाकून ठेवले तरी कोण कुठून आला, ढाल कुठे आपटून कुठे गेली, सगळं कळतं. सुटे अंक शोधत बसू नका, संग्रह घ्या. तुमच्याकडच्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर 'हूपला' अॅपवर असे संग्रह फुकट मिळतात.

तुमच्याकडचा जपानवाला अंक १९९८ चा, वेड आणि रॉन गार्नीचा. तोही ठेवा. पुढच्याच अंकात ढाल समुद्रात बुडते आणि पठ्ठ्याला तिच्यावाचून बरेच दिवस काढावे लागतात. मुलांना ते फार आवडतं.

कोट्सचं मात्र आत्ता नको. उत्तम लेखक आहे, पण त्याचा कॅप्टन बोलतो फार.

---

तिसरी घंटा

बोलत नाही हो, मनात म्हणतो. चौकटीच्या कोपऱ्यातल्या त्या पट्ट्या वाचा सावकाश. ज्या माणसाच्या चेहऱ्याने देश लुटला त्याच माणसाला आता तोच चेहरा घेऊन फिरायचंय, तो मनाशी बोलणार नाही तर काय पोवाडा म्हणेल? मला ती मालिका आवडली. संथ आहे हे कबूल. सलग वाचली तर चढते, महिन्याला वीस पानं घेतली तर पाणचट लागते.

---

अर्धा चहा

मी महिन्याला वीस पानंच घेतली होती. खिशाला झळ लागली की माणूस चिडतो. :) आता संग्रह बघतो.

---

रद्दीतलं सोनं

नव्या, २०२५ च्या मालिकेबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून माझं मत. गोष्ट मागे नेलीय. स्टीव्ह नुकताच बर्फातून निघालाय आणि पुन्हा सैन्यात जातो. तिकडे ११ सप्टेंबरनंतरच्या काळात सरकारने उभा केलेला आणखी एक कॅप्टन आहे, आणि दोघांची गाठ लॅटव्हेरियात, डॉक्टर डूम या खलनायकाच्या दारात पडते. स्किटीची चित्रं ऐसपैस, हाणामारी नीट दिसते. 'बर्फातून जागा झालेला माणूस' हे दळण किती वेळा दळणार, असं वाटलं होतं. पण ज्याचं युद्ध एका ठोशाने चितारता येत होतं आणि ज्याला कुठल्या लढाईत उतरलोय हेच धड सांगता येत नाही, असे दोन सैनिक शेजारी उभे केले की मजा येते. नवख्याला मागचं काहीही ठाऊक असायची गरज नाही, म्हणजे तुमच्या मुलाने योग्य दारातून प्रवेश केलाय. वाचू द्या पुढे.

माझी तक्रार एकच, विनोद फार कमी. झ्डार्स्कीकडून मला जास्त अपेक्षा होती.

---

घाटमाथा

तो झग्यात पाय अडकून पडतो तो अंक कितवा?

---

तिसरी घंटा

१८०. आलात का लायनीवर!

---

घाटमाथा

सहज विचारलं.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके नीट प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

ताजी खबर. 'तोतया' हा शब्द रामबाण निघाला. मुलाला तो माहीत नव्हता, आजोबांनी समजावून सांगितला. ते सांगताना पानिपत, सदाशिवरावभाऊ, पार्वतीबाई असं सगळं आलं आणि झोपायला अकरा वाजले. घाटमाथा, तुमचं शिवचरित्र नाही, पण पेशवाई तरी झाली म्हणायची.

वेड-सॅमनीचा संग्रह हूपलावर मिळाला. रविवारी दुपारी मुलगा टॅबलेट घेऊन सोफ्यावर आणि माझे बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, त्याच्या शेजारी, चष्मा कपाळावर. बाबांना इंग्रजी येतं, पण त्या फुग्यातली बारीक अक्षरं दिसत नाहीत. त्यामुळे त्यांनी नुसती चित्रं बघितली आणि प्रत्येक पान उलटायच्या आधी पोराला गोष्ट सांगितली. मुलगा म्हणतो, दोन ठिकाणीच चुकले. नेब्रास्कातली जत्रा बघून बाबा म्हणाले, "हे आपल्या गावच्या यात्रेसारखंच की, फक्त तमाशा नाही."

बारीक आकड्याचा खेळही झाला. ७०५ सापडला. आता दर शनिवारी खोक्यासमोर बसायचं ठरलंय, फक्त दुकान बदललंय. या दुसऱ्या दुकानातल्या बाई पिशवीत घालण्यापूर्वी "हा कुठल्या मालिकेतला, माहीत आहे ना?" असं विचारतात.

एक उपप्रश्न. बाबा लहानपणी 'इंद्रजाल'मधला वेताळ मराठीत वाचायचे. कवटीच्या अंगठीचा ठसा जबड्यावर कसा उमटायचा ते काल त्यांनी पोराला मूठ वळून दाखवलं. आता मुलाला तेही हवंय, आणि मराठीतच हवंय. ते जुने मराठी अंक पुण्या-मुंबईत कुठे मिळतील? डिसेंबरात येतोय. नवा धागा काढू की इथेच विचारू?

---

रद्दीतलं सोनं

इथेच विचारा. फोटो काढून टाकतो, माझ्याकडे मराठीतले सात आहेत. विकायचे नाहीत, पण पोराला घरी येऊन वाचता येतील. हात धुऊन.