सोनोग्राफी नॉर्मल, तरी कूस दुखतेच

लघवीच्या इन्फेक्शनवर 'भरपूर पाणी प्या, इन्फेक्शन धुऊन निघेल' हा सल्ला बऱ्याच जणांना लागू पडतो, पण सरसकट नाही. माझ्या बहिणीची डावी कूस नेमकी तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्यावरच ठणकायची, उलटीही व्हायची. दोन दिवसांनी सोनोग्राफी केली की रिपोर्ट स्वच्छ! शेवटी यूरॉलॉजिस्टनी (मूत्रविकारतज्ज्ञांनी) दुखत असतानाच बोलावलं, तेव्हा किडनी फुगलेली दिसली. मूत्रवाहिनी किडनीतून निघते तिथेच अरुंद होती (पीयूजे ऑब्स्ट्रक्शन). लघवी तुंबली की इन्फेक्शनही उलटतं. पुढे डीटीपीए स्कॅनवर (किडनीतून लघवीचा निचरा कसा होतो ते दाखवणारी तपासणी) अडथळा पक्का झाला.

आणि हो, अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधीच लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) द्या. नंतरच्या नमुन्यात बरेचदा जंतू उगवतच नाहीत, मग औषध अंदाजपंचे.