रिअरसेट: ३८०० चा घ्यावा की १७ हजारांचा?

घाटवेडा
माझ्याकडं रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आहे. सिग्नलला पाय टेकवला की फूटरेस्ट पोटरीला लागतोच, ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून पाय जरा मागं घ्यायचेत, त्यासाठी रिअरसेट, म्हणजे फूटरेस्ट आणि गिअर-ब्रेकची पायडलं मागं नेणारा सेट. नाना पेठेत ३८०० चा सेट बघितला, दिसायला एकदम झकास, बाहेरून मागवला तर १७ हजार. दोन्ही अ‍ॅल्युमिनियम, दोन्हीवर सीएनसी (कॉम्प्युटरच्या मशीनवर कोरलेलं) लिहिलंय. मग वरचे १३ हजार कशाचे?

चेनलूब
पायडल जिथं फिरतं त्या जागेचे. चांगल्या सेटमध्ये तिथं बेअरिंग नाहीतर पितळी बुश (बोल्टभोवतीची नळी) असतं, स्वस्तात अ‍ॅल्युमिनियम थेट बोल्टवर घासतं. माझ्या आधीच्या गाडीला ४ हजारांचा लावलेला, तीन महिन्यांत गिअर लिव्हर टोकाला बोटभर हलायला लागला, ताम्हिणी उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि पडेचना. त्यात मागच्या ब्रेकलाईटचा स्विच बसवायला त्या सेटला जागाच नव्हती, दुकानदार म्हणतो पुढच्या ब्रेकनं लागते की लाईट. मागून एसटी असती म्हणजे? नको रे बाबा.

लेथवाला
अहो बुश १३ हजारांचं येतं का कुठं? मी पण स्वस्तातलाच घेतला, लेथवर भोक मोठं करून पितळी बुश मारून घेतलं, सोबत आलेले चकाकते बोल्ट काढून १२.९ ग्रेडचे, म्हणजे चांगले मजबूत अ‍ॅलन बोल्ट टाकले, ते ढिले होऊ नयेत म्हणून निळं थ्रेडलॉकर लावलं, स्विचला पत्र्याची पट्टी केली. ६०० रुपयांत विषय संपला. दोन वर्षं झाली, अजून काही कटकट नाही. फक्त गिअर रॉडच्या एका टोकाला उलटा आटा असतो, तो न बघता पिळत बसू नका.

चेनलूब
बुश बदललंत, धातूचं काय? ओतीव असेल तर गाडी नुसती आडवी झाली तरी लिव्हर कटकन तुटतो. कंपनीचं लोखंडी पायडल वाकतं, दगडानं ठोकून सरळ करून घरी येता येतं. आणि तुमचा पेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, फोल्ड होतो का? फोल्ड न होणारा घट्ट पेग वळणावर रस्त्याला टेकला तर मागचं चाक उचलतो.

लेथवाला
घट्ट पेग तर महागड्या रेसच्या सेटलाही असतात! ते ट्रॅकसाठी बनवलेले, आपण त्यावर दूध आणायला जातो. म्हणजे १७ हजार देऊनही तुमचा प्रश्न तिथंच. तुटण्याचं मात्र मान्य, म्हणून मी टँकबॅगेत जुना लिव्हर ठेवतो.

चेनलूब
जुना लिव्हर सोबत घेऊन फिरावं लागतं म्हणजे बघा 😄

कॅफेचहा
दोघंही भांडताय कशाला, एनफिल्डच्याच काँटिनेंटल जीटी ६५० चे फूटरेस्ट मागंच आहेत, इंजिन तेच, चेसिस तीच. मी तोच अख्खा सेट इंटरसेप्टरला लावलाय, प्लेट, रॉड, पायडल सकट. फोल्ड होतो, स्विचही बसतो. दिसायला अगदी साधा आहे, फोटोत कुणी विचारणार नाही.

घाटवेडा
आज परत जाऊन तो ३८०० चा हातात धरून हलवला. पायडल टोकाला चांगलं अर्धा इंच इकडं तिकडं. दुकानदार म्हणाला, "साहेब, गाडीला बसवल्यावर टाईट होतंय." तिथून निघालो. जीटीचा सेट कुणी काढून ठेवला असेल तर मेसेज करा, पुण्यात कुठंही येऊन नेतो.