एका वेळी एकच बदल: खान्देशातल्या घरात हे जमतं का?

तापीकाठ (जळगाव)
आरोग्य आणि पर्यावरणाचं मनावर घेतलं की लोक एका रात्रीत सगळं बदलायला निघतात. साखर बंद, गहू बंद, प्लास्टिक बंद, पहाटे योगासनं. पाडव्याला सुरू झालेलं हे सगळं आखाजीपर्यंतही (अक्षय्य तृतीयेपर्यंतही) टिकत नाही. माझं मत असं की एक बदल अंगवळणी पडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

आमच्या घरी सुरुवात रात्रीच्या जेवणापासून झाली. पोळीऐवजी दादरची, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीची भाकरी, मधूनमधून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची), सोबत भरीत किंवा पालेभाजी. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण थोडं थोडं आणायची सवय लागली आणि पिठाला अळ्या लागून ते फेकणं आपोआप थांबलं. भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खायची असते, त्यामुळे सगळे एकदम ताटावर बसू लागले. मग मोबाईल दुसऱ्या खोलीत गेले. ठरवून एकच गोष्ट केली होती, बाकीच्या तिच्यामागून आल्या. तुमचा अनुभव काय?

अमळनेरची लेक
दादा, गरम भाकरी ताटात येते तेव्हा कुणीतरी गॅसपाशी उभं असतं. पोळ्या दुपारी करून डब्यात ठेवता येतात, भाकरीचं तसं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा संध्याकाळी तव्यासमोर उभं राहून बघा. सगळे एकदम जेवायला बसले म्हणता, त्यात थापणारी होती का? कापडी पिशव्या धुणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, घरचं विरजण, मुलांना डब्यात बिस्किटांऐवजी काहीतरी करून देणं, ‘चांगल्या जीवनशैली’तलं प्रत्येक काम शेवटी बाईच्याच वाट्याला येतं. नोकरी करून घरी येणाऱ्या बाईला हे हळूहळू सांगा नाहीतर एकदम, ओझं तेवढंच.

तापीकाठ
ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे रात्रीच्या भाकऱ्या मी टाकतो. ज्याला बदल हवा, त्यानेच त्याचं काम अंगावर घ्यावं, हीच पहिली अट असली पाहिजे. आणि रोज थापायलाच हवं असंही नाही. ज्वारीच्या कण्या कुकरमध्ये होतात, त्यात मूगडाळ घातली की पूर्ण जेवण होतं.

काळी माती (चोपडा)
बोलणं सोपं आहे भो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली. आमच्या शिवारात मात्र मका आणि कापूसच दिसतो. दादर कणसात आली की पाखरांचे थवे उतरतात, राखण करायला दिवसभर माणूस लागतो. काढणीला मजूर मिळत नाही. कडब्याला गिऱ्हाईक होतं, पण गोठेच कमी झाले. एवढं करून दाणे बाजारात नेले की भाव व्यापारी सांगेल तो. शहरातल्यांनी आठवड्याला दोन किलो ज्वारी दुकानातून आणून ‘शाश्वत’ म्हणायचं, यात शेतकऱ्याच्या हाती काय पडतं? आधी उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचं धान्य भरत. पोतं थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून जायचं. तो व्यवहार परत आणा, मग जीवनशैलीचं बोला.

पांझरा (धुळे)
मला ‘हळूहळू’ हा शब्दच पटत नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती ज्या कामासाठी मिळाली ते अख्ख्या गावाने एकत्र केलं. झाड तोडायचं नाही असं गावाने ठरवलं आणि पाळलं. तिथे प्रत्येकाने आपापल्या सोयीने कुऱ्हाड जरा कमी चालवली असती, तर आज जंगल उरलं नसतं. याउलट २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर, प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि आजही लग्नाच्या मांडवामागे काय पडलेलं असतं ते आपण सगळेच पाहतो. कारण ती बंदी वरून आली, गावाने ती आपली मानली नाही. एकेकट्या घरातल्या कण्यांनी तापी-गिरणेचं काही भलं होणार नाही.

भुसावळकर
दोघांचंही थोडं थोडं पटतं. उन्हाळ्याचं एक सांगतो. आपली हवा कोरडी, तिथे कूलर उत्तम चालतो. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, कूलर दोनशेच्या आसपास. मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग नाही, हेही खरं. पण घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर भर उन्हाळ्यात वीज वाचवायच्या नादी लागू नका, खुशाल एसी लावा. आणि भाकरी आहे म्हणून शेवभाजीवर चार बोटं तर्री घेऊ नका. मधुमेह असलेल्यांनी भाकऱ्यासुद्धा मोजूनच खाव्यात.

तापीकाठ
पांझरा, बारीपाड्याबद्दल दुमत नाही. पण गावाचा नियम टिकतो तो त्या गावात तसं वागणारी माणसं असतात म्हणून. लग्नात केळीच्या पानावर पंगत बसवा असा ठराव उद्या झाला, तरी वाढायला उठणारे हात लागतीलच. केळीची पानं आपल्या जिल्ह्यात बांधावर मिळतात, अडतंय ते वाढप्यांपाशी. ती सवय घरातूनच येते.

अमळनेरची लेक
वाढायला पुरुष उठणार असतील तर माझा या ठरावाला पाठिंबा. आणि काळी मातीवाल्या दादांचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. वर्षाची ज्वारी एकदम घ्यायला आमच्या गल्लीतली काही घरं तयार होतील. उन्हात वाळवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची सासूबाईंची पद्धत आहे, ते जमेल. भाव बोला.

काळी माती (चोपडा)
ताई, भाव आत्ता नाही सांगत, काढणीच्या वेळी बाजारात जो असेल त्यावर दोन पैसे जास्त द्या, पोतं घरपोच करतो. दादर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावी लागते. पोळ्यापर्यंत किती घरं ते नक्की कळवा, तेवढं रान मक्यातून मोकळं ठेवतो. पाखरं राखायला मात्र सुटीच्या दिवशी पोरं पाठवा.