मदत हवी आहे: वर्डच्या सामायिक टेम्प्लेटमधला टूलबार सगळ्यांच्या मशीनवर सारखा कसा दिसेल?

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचं पुस्तकांच्या संपादनाचं आणि मुद्रितशोधनाचं छोटं ऑफिस आहे. ऑफिसात सहा जण बसतो. शिवाय दोघं मुद्रितशोधक घरून काम करतात, एक रत्नागिरीहून आणि एक बडोद्याहून. लेखकाकडून आलेला मजकूर आम्ही आधी आमच्या टेम्प्लेटमध्ये घेतो. प्रकरणाचं नाव, उपशीर्षक, उतारा, कवितेच्या ओळी, तळटीप, प्रत्येकाची स्टाइल ठरलेली आहे. ती नीट लागली असेल तर पुढे मांडणी करणाऱ्याला इनडिझाइनमध्ये (पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं आपोआप बसतं. नाहीतर बिचारा पानापानावर हाताने दुरुस्त करत बसतो.

हे टेम्प्लेट वर्ड २००३ च्या काळातलं आहे. आता निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते फार मनापासून बांधलं होतं. त्यात एक टूलबार होता. एकेका बटणावर एकेक स्टाइल, दोनदा पडलेली स्पेस काढणारं एक बटण, आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र टाकणारं एक, कारण लेखकांच्या फायलींत त्याचं हमखास ‘दर्या’ होऊन येतं. नवीन आलेली मुलगीसुद्धा पहिल्याच दिवशी त्यावर कामाला लागायची.

यंदा सगळ्या मशीनवर वर्ड २०२१ आलं. आता तो टूलबार रिबनच्या (वर्डच्या वरच्या बटणपट्टीच्या) ‘अ‍ॅड-इन्स’ टॅबमध्ये एका ओळीत कोंबलेला दिसतो आणि कुठलं बटण कशाचं ते कळत नाही. म्हणून टेम्प्लेट उघडून मी फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन असं जाऊन नवा टॅब बनवला, बटणं लावली, टेम्प्लेट सेव्ह करून सर्व्हरवर ठेवलं. माझ्या मशीनवर टॅब झकास दिसतो. इतर कोणाच्याही मशीनवर त्याचा मागमूस नाही.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की माझी नॉर्मल डॉटएम फाइल (प्रत्येकाच्या वर्डचं मूळ टेम्प्लेट) सगळ्यांच्या मशीनवर टाका. ते करायला मन धजत नाही, कारण प्रत्येकाने आपापली सेटिंग्ज वर्षानुवर्षं जमवली आहेत.

मला हवंय ते असं: टॅब सगळ्यांना दिसावा, मी एका जागी बदल केला की तो सगळ्यांकडे जावा, आणि कोणाच्या खाजगी मांडणीला हात लागू नये. घरून काम करणाऱ्यांना ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही, हेही लक्षात घ्यावं लागेल. मॅक्रो (वर्डकडून काम आपोआप करून घेणाऱ्या छोट्या सूचना) मला जुजबी कळतात. कृपया मार्गदर्शन करा.

रिकामी चौकट

सोपं आहे. कस्टमाइझ रिबनच्या त्याच पानावर खाली ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’ आहे. तुमच्या मशीनवरून एक्स्पोर्ट करा, बाकीच्यांकडे इम्पोर्ट करा. पाच मिनिटांचं काम.

तळटीप

चौकट यांचा उपाय एकट्या माणसाला नवीन मशीन घेताना चांगला आहे. ऑफिसला मात्र नको. इम्पोर्ट केलं की समोरच्याची रिबनची आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबारची आधीची सगळी मांडणी जाते आणि तुमची येते. दोन्हींचा मेळ घालून मिळत नाही. शिवाय प्रत्येक बदलाला पुन्हा सगळ्यांच्या मशीनवर फिरणं आलंच.

अनुस्वारताई, तुम्ही बनवलेला टॅब टेम्प्लेटमध्ये गेलाच नाही, म्हणून तो इतरांना दिसत नाही. कस्टमाइझ रिबनमधून केलेलं सगळं तुमच्या विंडोज खात्याच्या फोल्डरमध्ये वर्ड डॉट ऑफिसयूआय नावाच्या फाइलमध्ये साठतं. त्या वेळी कुठलंही टेम्प्लेट उघडं असलं तरी फरक पडत नाही. वर्ड २००३ मध्ये कस्टमाइझच्या चौकटीत ‘सेव्ह इन’ अशी यादी असायची, तिथे टेम्प्लेट निवडलं की टूलबार त्या टेम्प्लेटबरोबर फिरायचा. तुमच्या सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं होतं. रिबनच्या पानावर तशी यादीच नाही.

ती सोय आता दोन ठिकाणी उरली आहे. एक, क्विक अ‍ॅक्सेस टूलबारच्या पानावर. उजवीकडे वर ‘फॉर ऑल डॉक्युमेंट्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे तुमच्या टेम्प्लेटचं नाव निवडायचं आणि मग बटणं घालायची. त्यासाठी टेम्प्लेट हे वर्डच्या फाइल, ओपनमधूनच उघडलेलं हवं. त्यावर डबल-क्लिक केलं तर त्याच्यावरून नवा कागद उघडतो आणि यादीत टेम्प्लेटऐवजी ‘डॉक्युमेंट१’ दिसतं. दुसरी जागा कीबोर्ड शॉर्टकटची. कस्टमाइझ रिबनच्या पानावर खाली ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’समोरचं ‘कस्टमाइझ’ दाबा. त्या चौकटीत ‘सेव्ह चेंजेस इन’ अजून आहे. तिथल्या यादीत स्टाइल्सही आहेत, म्हणजे ‘उतारा’ या स्टाइलला थेट शॉर्टकट देता येतो, मॅक्रो लागत नाही.

हे दोन्ही आजच्या आज करून टाका, निदान काम तरी अडणार नाही. वर्डच्या नव्या रूपात क्विक अ‍ॅक्सेस टूलबार पुष्कळदा लपलेला असतो. रिबनवर राइट-क्लिक करून ‘शो क्विक अ‍ॅक्सेस टूलबार’ करायला सगळ्यांना सांगा, नाहीतर उद्या परत ‘दिसत नाही’ म्हणून फोन येतील.

नॉर्मल डॉटएमबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. ती फाइल ज्याची त्याचीच राहू द्या. प्रत्येकाचे ऑटोटेक्स्ट, मॅक्रो, शॉर्टकट, नव्या कोऱ्या कागदाच्या स्टाइल्स, सगळं तीत असतं. तुमची फाइल वर टाकली की त्यांचं सगळं गेलं.

अनुस्वार

तळटीप, अगदी मनापासून आभार. शॉर्टकट लगेच लावले, चालतायत. पण क्विक अ‍ॅक्सेसमध्ये स्टाइलचं बटण कसं घालायचं? कमांडच्या यादीत स्टाइल्स दिसतच नाहीत. आणि त्या बटणांवर मराठी नावं दिसली नाहीत तर नव्या मुलांना ती ओळखू येणार नाहीत. आमचं सगळं शिकवणं त्या नावांवरच चालतं.

तळटीप

तिथे स्टाइल थेट घालता येत नाही. प्रत्येक स्टाइलला एक मॅक्रो लिहून तो मॅक्रो बटणावर ठेवावा लागतो, आणि बटणावर सहसा फक्त चित्र येतं, नाव माऊस नेला की दिसतं. म्हणून तुमच्यासाठी खरा उपाय म्हणजे टेम्प्लेटच्या पोटातच रिबनचा टॅब घालणं.

डॉटएम (मॅक्रो असलेलं टेम्प्लेट) किंवा डॉटएक्स (मॅक्रो नसलेलं टेम्प्लेट) फाइल म्हणजे आतून झिप असते. तिच्यात कस्टमयूआय नावाचा एक छोटा एक्सएमएल (खुणांच्या भाषेत लिहिलेला) तुकडा ठेवला की ते टेम्प्लेट लोड झाल्याबरोबर वर्ड तो टॅब दाखवतं आणि टेम्प्लेट बंद झालं की काढून घेतं. ज्याच्या त्याच्या वर्ड डॉट ऑफिसयूआयला धक्का लागत नाही. म्हणजे तुमची खाजगी मांडणीची अट इथेच पुरी होते. हा तुकडा घालायला ऑफिस रिबनएक्स एडिटर नावाचं फुकट साधन मिळतं. त्यात फाइल उघडताना ती वर्डमध्ये बंद असू द्या.

जुन्या डॉट फाइलला ‘सेव्ह अ‍ॅज’ करून डॉटएम बनवू नका. २००३ चा टूलबार तिच्याबरोबर आत येतो आणि अ‍ॅड-इन्स टॅबमध्ये पुन्हा उगवतो. नवं कोरं टेम्प्लेट घ्या. स्टाइल्स ऑर्गनायझरमधून (एका फाइलमधल्या स्टाइल्स दुसरीत नेणाऱ्या वर्डच्या चौकटीतून) आणा, मॅक्रोची मोड्यूल्स व्हीबीए एडिटरमध्ये (मॅक्रो लिहायच्या खिडकीत) एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर ओढून टाका. सेव्ह करताना ‘मॅक्रो-एनेबल्ड टेम्प्लेट’ निवडा, डॉटएक्स केलंत तर मॅक्रो गळून पडतील.

अनुस्वार

एडिटर घेतला, टॅब दिसला, फार आनंद झाला! पण मॅक्रोत अडले. आमच्या स्टाइल्सची नावं मराठीत आहेत: ‘प्रकरण’, ‘उतारा’, ‘काव्य’. व्हीबीए एडिटरमध्ये ‘उतारा’ पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. स्टाइल्सची नावं इंग्रजी करावी लागतील का? तसं केलं तर जुन्या शेकडो फायली आणि इनडिझाइनची जुळणी दोन्ही मोडतील.

दगडी पाटी

नावं अजिबात बदलू नका. यात मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हीबीए एडिटर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा आहे. त्यात अवतरणचिन्हांत देवनागरी टिकत नाही. पण एक्सएमएलचा तुकडा युटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत असतो, तिथे देवनागरी सुखाने राहते. तेव्हा मराठी मजकूर सगळा तिकडे ठेवायचा. प्रत्येक बटणाला ‘लेबल’ असतं, ते वाचणाऱ्यासाठी, आणि ‘टॅग’ असतो, तो मॅक्रोसाठी. दोन्हींत ‘उतारा’ लिहा. सगळ्या बटणांच्या ‘ऑनअ‍ॅक्शन’मध्ये एकाच मॅक्रोचं नाव द्या. वर्ड त्या मॅक्रोला दाबलेलं बटण हातात देतं, मॅक्रोने फक्त त्याचा टॅग वाचायचा आणि त्या नावाची स्टाइल निवडलेल्या मजकुराला लावायची. बस. स्टाइल कितीही असोत, मॅक्रो एकच, आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. उद्या नवी स्टाइल आली तर एक्सएमएलमध्ये एक ओळ वाढवायची, मॅक्रोला हात लावायचा नाही.

‘दऱ्या’च्या बटणासाठी अक्षरं आकड्यांनी मागवा. व्हीबीएमधलं सीएचआर-डब्ल्यू हे फंक्शन २३५३ ला ऱ देतं आणि २३८१ ला हलन्त. दोन्ही लागोपाठ टाइप करायला लावा, पुढे य किंवा ह लिहिला की जोडाक्षर आपोआप होतं. तसंच ८२०५ म्हणजे झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडायला लावणारं, न दिसणारं चिन्ह), तेही तुमच्याकडे लागत असेल.

मॅक्रोत एक राखण ठेवा. फाइलमध्ये त्या नावाची स्टाइलच नसेल तर मॅक्रो इंग्रजी एरर दाखवून थांबतो आणि नवा माणूस घाबरतो. एरर पकडून एक साधी चौकट दाखवा. तिच्यातला मजकूर मात्र इंग्रजीच ठेवा, व्हीबीएच्या मेसेज बॉक्समध्येही देवनागरीची प्रश्नचिन्हंच दिसतात.

आणि एक्सएमएलमध्ये कॅपिटल-स्मॉलची गल्लत चालत नाही. ऑनअ‍ॅक्शनमधला ए कॅपिटलच हवा. असं काही चुकलं तर टॅब गुपचूप गायब होतो, कारण सांगत नाही. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये खाली जनरल या भागात ‘शो अ‍ॅड-इन यूजर इंटरफेस एरर्स’ आहे, ते टिक करून ठेवा. मग कितव्या ओळीत काय बिनसलंय ते वर्ड स्वतः सांगतं. हे टिक सुरुवातीला बंद असतं, आणि टेम्प्लेट बनवणाऱ्याने ते पहिल्यांदा चालू करावं असं माझं ठाम मत आहे.

अनुस्वार

दगडी पाटी, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. टॅगची युक्ती जशीच्या तशी चालली. टॅबवर ‘प्रकरण’, ‘उपशीर्षक’, ‘उतारा’, ‘काव्य’ अशी मोठी ठळक बटणं आलीत, आणि ऑफिसात सगळे उठून बघायला आले.

आता शेवटचं. ही फाइल ठेवायची कुठे? सर्व्हरवर ठेवून सगळ्यांच्या कागदांना ती जोडली तर रत्नागिरी आणि बडोदा उपाशी राहतात. बडोद्याचे काका तर पुष्कळदा ब्राउझरमधल्या वर्डमध्येच फाइल उघडतात.

तळटीप

दोन फायली करा. एक ‘मजकूर’ टेम्प्लेट, साधं डॉटएक्स, त्यात फक्त स्टाइल्स आणि पानाची मांडणी. दुसरं ‘साधनं’ टेम्प्लेट, डॉटएम, त्यात टॅब आणि मॅक्रो. हे दुसरं प्रत्येकाच्या वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये. रनच्या चौकटीत पर्सेंट अ‍ॅपडेटा पर्सेंट टाइप करा, पुढे मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप. तिथली टेम्प्लेट्स वर्ड सुरू होताच लोड होतात, मग समोरचा कागद कुठल्या टेम्प्लेटवरचा आहे याने काही बिघडत नाही आणि सर्व्हरही लागत नाही. ते फोल्डर मुळातच विश्वासू जागांच्या यादीत असतं, त्यामुळे मॅक्रोही अडत नाहीत.

सर्व्हरवर मूळ प्रत ठेवा, रीड-ओन्ली. प्रत्येक मशीनवर लॉगिनच्या वेळी चालणारी एक छोटी बॅच फाइल लावा, जी मूळ प्रत नवी असेल तरच स्टार्टअपमध्ये कॉपी करेल. वर्ड उघडण्याआधीच कॉपी व्हायला हवी, वर्ड चालू असताना ती फाइल अडकलेली असते. वर्डला थेट सर्व्हरवरूनच लोड करायला लावू नका. कोणाचं ना कोणाचं वर्ड चालू असतंच, आणि बदललेली प्रत तिथे ठेवणं दर वेळी जिकिरीचं होतं.

घरच्या दोघांना ती फाइल झिपमध्ये पाठवा. काढून घेतल्यावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘अनब्लॉक’ टिक करायला सांगा. इंटरनेटवरून आलेल्या फायलींचे मॅक्रो २०२२ पासून सहसा मुळातच बंद असतात. काकांना मात्र मशीनवरचंच वर्ड वापरावं लागेल, ब्राउझरमधल्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाहीत.

दगडी पाटी

तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत. माझी एक भर: टॅबच्या लेबलमध्येच आवृत्ती लिहा, ‘संपादन ३’, ‘संपादन ४’ अशी. रत्नागिरीहून फोन आला की पहिला प्रश्न, टॅबवर आकडा कोणता आहे? निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

जाता जाता, मजकूर टेम्प्लेटमध्ये फाँट कोकिला किंवा अपराजिता असेल तर तोही बघा. विंडोज १० पासून हे फाँट सगळ्या मशीनवर आपोआप नसतात. ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स घ्यावे लागतात. ते नसले की वर्ड दुसराच फाँट दाखवतं आणि पानांचा हिशेब जुळत नाही.

अनुस्वार

बडोद्याच्या काकांच्या पानांची संख्या आमच्यापेक्षा नेहमी वेगळी का येते, याचं उत्तरही मिळालं!

दोन फायली केल्या. ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर ‘संपादन १’ टॅब आला आहे, बॅच फाइलसुद्धा नीट चालते. रत्नागिरीहून निरोप आला की टॅब दिसतोय आणि ‘काव्य’चं बटण चाललं. काकांना मशीनवरचं वर्ड आणि फाँट उद्या फोनवर बसून लावून देणार आहे. रिकामी चौकट, तळटीप, दगडी पाटी, तिघांचेही आभार. कोणाला आमचा एक्सएमएलचा तुकडा नमुना म्हणून हवा असेल तर इथे विचारा, खुशाल देईन.