'जिंगल मेल' म्हणजे नक्की काय?

सायली_क:
२००८ च्या अमेरिकेतल्या मंदीबद्दल वाचतेय, त्यात सारखा 'जिंगल मेल' येतोय. घराच्या कर्जाशी काहीतरी आहे एवढं कळलं, पण मेलचा काय संबंध ते डोक्यात शिरत नाहीये. आणि लोक खरंच घर सोडून जायचे का?

पिंपळपान:
ईमेल नाही गं, साधी पोस्ट. हप्ते झेपेनासे झाले की घराच्या किल्ल्या पाकिटात घालून बँकेला पाठवायच्या, पाकीट हलवलं की आत खुळखुळ वाजतं म्हणून जिंगल. शब्द त्याहून जुना आहे, १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर टेक्सासमध्येही असंच झालं होतं.
समज घरावर ४ लाख डॉलर कर्ज आहे आणि भाव पडून घर राहिलं २ लाखांचं, तर ते घर 'अंडरवॉटर'. आणि हप्ता परवडत असतानाही हिशोब करून भरायचा थांबवला तर तो 'स्ट्रॅटेजिक डिफॉल्ट'. पण बऱ्याच जणांना परवडतच नव्हतं, सुरुवातीला कमी व्याज आणि दोन वर्षांनी हप्ता एकदम वर, अशी कर्जं होती.

निवडुंग७:
मी तेव्हा फिनिक्सला होतो. शेजारच्यांनी एका रविवारी ट्रक आणला, संध्याकाळपर्यंत घर रिकामं, किल्ल्या आणि गॅरेजचा रिमोट ओट्यावर तसाच. पोस्टात टाकायच्याही भानगडीत पडले नाहीत. महिन्याभरात त्यांचा स्विमिंग पूल हिरवागार झाला, डासांनी सगळी गल्ली हैराण. त्यांची मुलगी आमच्याकडे खेळायला यायची, जाताना तिला धड निरोपही घेता आला नाही, ते अजून आठवतं. मजेमजेत कुणी घर सोडत नाही हो.

सायली_क:
बाप रे. पण मग उरलेलं कर्ज? बँक मागे लागत नाही?

वकीलीणबाई:
ते राज्यावर असतं. कॅलिफोर्नियात राहतं घर घ्यायला काढलेल्या कर्जासाठी बँकेला फक्त घरच घेता येतं, उरलेल्या रकमेसाठी तुमच्यामागे येता येत नाही, ॲरिझोनातही बहुतेक राहत्या घरांना असं संरक्षण आहे. फ्लोरिडात मात्र कोर्टात जाऊन बाकी वसूल करता येते.
आणि एक गोष्ट लोकांना कळतच नाही आणि त्यातच माणसं फसतात, किल्ल्या पाठवल्याने घर बँकेचं होत नाही. बँकेने लेखी स्वीकारलं किंवा जप्तीची विक्री पूर्ण झाली तरच नाव निघतं, तोवर प्रॉपर्टी टॅक्स तुमच्याच नावाने चढत राहतो. काही बँकांनी जप्ती सुरू करून अर्ध्यात सोडून दिली आणि घर सोडून गेलेल्यांना खूप नंतर कळलं की मालक अजून तेच आहेत. असल्या मालकीला 'झॉम्बी टायटल' म्हणतात.
शिवाय जप्ती क्रेडिट रिपोर्टवर ७ वर्षं राहते, आणि २०१० मध्ये फॅनी मेने (बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी, सरकारचा पाठिंबा असलेली कंपनी) जाहीर केलं की ऐपत असून कर्ज बुडवलं तर ७ वर्षं त्यांच्यामार्फत नवं कर्ज नाही.

पिंपळपान:
आणि हे फक्त साध्या माणसांनीच केलं असंही नाही. मॅनहॅटनमधली स्टायव्हेसंट टाउन ही अवाढव्य वसाहत २००६ मध्ये ५४० कोटी डॉलरला घेतली होती, २०१० च्या जानेवारीत मालकांनी ती सरळ कर्ज देणाऱ्यांच्या हवाली केली. त्याला कुणी जिंगल मेल म्हणून हिणवलं नाही, धंद्यातला निर्णय म्हटलं, याचा मला तेव्हाही राग आला होता.

सायली_क:
झॉम्बी टायटल पहिल्यांदाच ऐकलं. वकीलीणबाई, मग बँकेने लेखी स्वीकारणं याला काय म्हणतात?

वकीलीणबाई:
'डीड इन लू'. जप्तीऐवजी स्वखुशीने घर बँकेच्या नावावर करून द्यायचं, आणि उरलेलं कर्ज माफ केल्याचं त्याच कागदावर लिहून घ्यायचं. ते लिहून मिळाल्याशिवाय सही करायची नाही.