हेगन जिंकल्या, पण प्रश्न तिथेच राहिला

२००८ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या मतदारांनी सेनेटर एलिझाबेथ डोल यांना पराभूत केले, म्हणजे नास्तिकांविषयीचा आकस त्यांनी नाकारला, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. डोल यांच्या प्रचाराच्या जाहिरातीत त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवार के हेगन यांच्यावर आरोप होता तो निरीश्वरवाद्यांच्या एका राजकीय गटाशी संबंधित व्यक्तीच्या घरी झालेल्या निधी-संकलनाला हजेरी लावल्याचा. शेवटी हेगन यांचे छायाचित्र दिसत असताना एका स्त्रीच्या आवाजात ‘देव नाही’ असे ऐकू येई. तो आवाज हेगन यांचा नव्हता, पण ऐकणाऱ्याचा तसाच समज व्हावा अशी ती मांडणी होती. हेगन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि आपण प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या एल्डर, म्हणजे पदाधिकारी, असल्याचे सांगितले. खोट्याचे खंडन करण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, यात वादच नाही. मात्र नास्तिक म्हणवले जाण्याने अब्रू जाते, हे दोन्ही बाजूंनी गृहीतच धरले होते, आणि मला खरा अन्याय तिथे दिसतो.

त्याच राज्याच्या संविधानात ईश्वराचे अस्तित्व नाकारणाऱ्याला सार्वजनिक पदासाठी अपात्र ठरवणारे कलम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या टॉर्कासो खटल्यात पदासाठी ईश्वरश्रद्धेची अट घटनाबाह्य ठरवली, तरीही २००९ मध्ये याच राज्यातील ॲशव्हिल शहराच्या नगर परिषदेवर सेसिल बॉथवेल निवडून आले, तेव्हा विरोधकांनी तेच कलम पुढे केले. बॉथवेल यांनी आपली अश्रद्धा लपवली नव्हती, आणि तरीही ते त्या पदावर बसले. आकस नाकारल्याचे उदाहरण म्हणून मी हेगन यांच्याऐवजी त्यांचे नाव घेईन.