बूथनिहाय निकाल जाहीर होतो, मग गावात मत गुप्त राहतं का?

पांढरंसोनं (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, आमचं गाव लहान, बूथ एकच. निकाल लागला की पानठेल्यावर बूथनिहाय मतांची झेरॉक्स फिरते. मागच्या खेपेला आमच्या गावापुढच्या आकड्याला कोणीतरी लाल पेनाने गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, 'पांदण रस्ता विसरा.' ना शिवी, ना मारहाण. पण पुढच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा विषय काढायला कोणी उठलंच नाही.

भीतीचं राजकारण म्हटलं की आपण मोठ्या घोषणांवर भांडतो. 2024 च्या लोकसभेला 'संविधान बदलणार', सहा महिन्यांनी विधानसभेला 'बटेंगे तो कटेंगे'. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा 4892 रुपये होता आणि माल त्याच्या कितीतरी खाली जात होता, ती बोंब दोन्हीकडच्या गोंगाटात विरली. तरी मला जास्त टोचते ती ही बारकी, घराघरात शिरणारी भीती. ऑगस्ट 2024 मध्ये आमदार रवी राणा अमरावतीत जाहीर कार्यक्रमात म्हणाले, आशीर्वाद दिला नाही तर लाडक्या बहिणीचे 1500 रुपये खात्यातून परत घेईन. मागाहून म्हणाले, गंमत केली. ज्या बाईचा महिन्याचा किराणा त्या पैशावर निघतो, तिने हसायचं कुठे?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(2) नुसार मतदारावर असा दबाव आणणं भ्रष्ट आचरण आहे. पण तक्रार करणाऱ्याचं नाव दिवेलागणीच्या आत गावभर होतं.

उपाय जुनाच आहे. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय नियमात होती. यंत्र आलं आणि ती गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारा टोटलायझर निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवला, विधी आयोगाने 2015 मध्ये उचलून धरला, केंद्र सरकारने नको म्हटलं. मला तो हवा आहे. तुमचं काय?

झणझणीत_ठेचा (अकोला)

भाऊ, लोकं भेतात हे तुले कोन सांगतलं? लोकं हिशेब करतात. याच्या गाडीत बसून जातात अन् बटन त्याचं दाबून येतात. लोकसभेले विदर्भातल्या 10 पैकी 7 जागा आघाडीले, नोव्हेंबरात तेच मतदार महायुतीच्या पदरात. भेलेला मानूस असा पलटत नाई.

अन् तुयं औषध तं रोगापेक्षा भारी हाये. बूथचा आकडा झाकला तं घोळ कुठं झाला हे कसं समजन? फॉर्म 17 सी वर किती मतं पडली थे बूथनिहायच असते. ताळा कायशी जुळवशीन? आज अर्धा देश यंत्रावर शंका घेऊन राह्यला, अन् तू म्हनतं सारं एकत्र कालवा!

मोहफूल (गडचिरोली)

पानठेल्यावरच्या झेरॉक्सला तुम्ही भीती म्हणता, वाचून हसू आलं. आमच्याकडे मतदान करू नका म्हणून नक्षलवाद्यांचे बॅनर झाडाला लागायचे. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेला. मतदान दुपारी तीनलाच संपवतात, तरी 2024 ला आमच्या लोकसभा मतदारसंघात 70 टक्क्यांच्या वर झालं. सरकारने नक्षलवादाच्या विरोधात जनसुरक्षा कायदा आणला तर मला त्यात गैर वाटत नाही. ज्याच्या दारात बंदूक आली नाही त्याने स्वातंत्र्यावर व्याख्यान देऊ नये.

सूतकताई (सेवाग्राम)

मोहफूलभाऊ, तुमच्याकडचं दुःख खरं आहे. पण त्याच दुःखाचं नाव घेऊन दुसऱ्याचं तोंड बंद केलं जातं, त्याचं काय? जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं ते विधेयक आधी 2024 मध्ये मांडलं, तेव्हा त्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या मी वाचली होती. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणंसुद्धा त्यात येत होतं. सेवाग्रामात राहून हे वाचताना कसं वाटतं, सांगायला नको. कडव्या डाव्या विचारसरणीचे शब्द पुढे विधिमंडळाच्या समितीने घातले; ठीक. पण कोण कडवा हे आधी सरकारच ठरवणार.

1975 ला 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी लागली. असला सैल शब्द किती महागात पडतो हे कळल्यावर 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने तिथे 'सशस्त्र बंड' घातलं. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा पंजाबचं कारण सांगून 1985 ला आला आणि गुजरातेत हजारोंवर लागला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल नेता भूपतीने साठेक साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली ना? नक्षलवाद संपत आला असं सरकार स्वतः सांगतं, मग कायदा आत्ताच कडक का?

मोहफूल

दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणून कोणी गोळ्या फेकून देत नाही, ताई. टाडाचं मात्र मान्य. त्या काळात इकडचे आदिवासीही त्यात अडकले होते, कोर्टाच्या चकरा मारण्यात उमेद गेली त्यांची. म्हणून मी कायदा नको म्हणणार नाही, पण नुसत्या संशयावर उचलाल तर खपवून घेणार नाही.

बैलबंडी

सगळेच पक्ष भेवाडतात. मत द्या, मोकळे व्हा.

पांढरंसोनं

बैलबंडी, मोकळं होता येत नाही हाच तर विषय आहे.

ठेचाभाऊ, 17 सी ची प्रत उमेदवाराच्या एजंटला मिळतेच, ती मिळू द्या. किती मतं पडली ते बूथनिहाय राहू द्या. कोणाला किती, एवढंच एकत्र करा. विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात, तोही तसाच चालू द्या. आणि हिशेब करणारे लोक तुमच्या शहराच्या बाजूला असतील. आमच्याकडे पन्नास उंबऱ्यांच्या वस्तीत कोणत्या घरातली किती मतं फुटली हे बोटांवर मोजतात.

झणझणीत_ठेचा

मोजू दे ना बोटावर! थे तं सरपंचाच्या निवडनुकीतही मोजतात, तथी कोनतं यंत्र लावशीन? वार्डच एवढासा असते.

अन् पाच केंद्रांच्या चिठ्ठ्यांनं भागत नाई. शंभर-दोनशे मतांनं पडलेला उमेदवार कोर्टात गेला, तं कोनत्या बूथवर बोट ठेवन? थे सांग आधी, मंग तुया टोटलायझरले हो म्हनतो.